पटावर नसलेल्या सहाजणी

कट्टा गावाजवळच्या माळावर सहदेवशेठचा काजूचा कारखाना होता. मुकादमीण सत्यवती नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आली आणि तिनं बायकांच्या हातांना चोळायला राख काढून ठेवली. टरफलाच्या तेलानं कातडी सोलवटून निघते. तिचा नवरा होडीसकट बुडाल्याला नऊ वर्षं झाली होती. विधवेला गावात कोणी शुभकार्यात पुढं येऊ देत नसे. शेठनी तिला काम दिलं, राहायला खोली दिली. ते उपकार विसरायची सोय मात्र त्यांनी ठेवली नव्हती.

१९६२च्या त्या चैत्रात मुंबईच्या एका संस्थेतून विमला कर्णिक आली. मालक आणि कामगार यांच्या संबंधांचा तिचा अभ्यास चालला होता. सोबत छापील प्रश्न होते.

"आमचं एक कुटुंबच आहे," शेठ शुद्ध मराठीत म्हणाले आणि खुर्ची टाकून तिथंच बसले.

विमला विचारी, सत्यवती बायकांना मालवणीत सांगे. "शेठ कशे वागवतत?"

"बरे वागवतत."

चाळीस बायका, चाळीसदा तेच. समोर शेठ बसलेले असताना दुसरं उत्तर यायचं कुठून?

मग विमलाला मागच्या अंगणात भर उन्हात बिया वाळवणाऱ्या सहाजणी दिसल्या. "यांना विचारायचं राहिलं."

"त्या कामगारांच्या पटावर नाहीत," शेठ म्हणाले.

त्या महारवाड्यातल्या होत्या. फोडलेल्या गराला त्यांचा हात लागता कामा नये, छपराखाली पाऊल पडता कामा नये, असा शेठचा दंडक होता.

शेवटचा प्रश्न आला: कामगारांत भेदभाव होतो का?

"नाही, असं लिहा. मुकादमीण सही करील."

कागद सत्यवतीपुढं आला. सही शिकायला तिला दोन महिने लागले होते. माहेरी भाऊ उंबरा चढू देणार नव्हता, सासरचं दार कधीच बंद झालं होतं. शेठ हळूच म्हणाले, "सही कर गो. सांजेक खोलयेत परत जावचा आसा मा तुका?"

तिचा हात कागदावर टेकला आणि तिथंच राहिला.

"भेदभाव करतत," ती म्हणाली. "ह्या सहाजणींका छपराखाली येवक देनत नाय. भांड्याक हात लावूक देनत नाय. तेंच्या ओंजळीत वयरसून पाणी मीच ओततंय. नव वर्सां. शेठ सांगतत, आणि मी करतंय."

शेठ उठले. "सांजेच्या आत खोली रिकामी कर, आणि उद्यापासून कामावर येऊ नकोस."

विमलाचा चेहरा पडला. "अहवालात तुमचं नाव बदलून लिहिते, बाई."

"बदलू नकात. काम तर गेलाच, आता लपवन काय मेळतला? आणि तेंची नावांय इचारून घेवा. आजपर्यंत कोणी इचारूक नाय."

विमला अंगणात जाऊन उन्हातच बसली. दारात शेठ उभे होते. सहाजणींतल्या तुळसानं आपलं नाव सांगितलं, मग आणखी दोघींनी. उरलेल्या तिघी मान खाली घालून बिया पसरत राहिल्या.

त्या तिघींना बोल लावण्याआधी, वाचकहो, दारात कोण उभं होतं ते आठवा.