शेऱ्याचा रकाना

फाटकातून आत शिरल्यावर ते दाराकडे वळलेच नाहीत. सरळ जिन्याखाली गेले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि पाण्याच्या मीटरची काच रुमालाने पुसू लागले.

"बाबा, दार इकडे आहे," लेक दबक्या आवाजात म्हणाली. सकाळपासून हे अकराव्यांदा. "आणि हे घर सोडायचं ठरलं होतं ना? आत्ताच्या नगरसेवकाच्या सख्ख्या बहिणीचं आहे. तोच निवडणुकीत उभा आहे तुमच्याविरुद्ध!"

तिच्या एका हातात पत्रकांचा गठ्ठा होता, दुसऱ्यात निशाणीचा झेंडा. प्रचार पाचला संपणार होता, साडेतीन होऊन गेले होते आणि दोन गल्ल्या बाकी होत्या. लेक वकील. उमेदवाराने दारात उभं राहून हात जोडायचे असतात, हे तिने वडिलांकडून आठ दिवस घोकून घेतलं होतं. पण सत्तावीस वर्षं मीटर वाचलेल्या माणसाला घर ओळखू येतं ते जिन्याखालूनच. जित्याची खोड, दुसरं काय!

निवडणुकीला उभे राहिले तेही या मीटरांपायीच. त्यांच्या वहीत आकड्यांपुढे शेऱ्याचा रकाना असायचा. बाकीचे तो कोरा सोडत. हे मात्र मन लावून लिहीत. चढावरच्या घरांना पाणी पोचत नाही. शाळेजवळचा पाइप गळतो. सत्तावीस वर्षांत कार्यालयात कुणी तो रकाना वाचला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात सांगून टाकलं, "लिहून भागत नाही. आता वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघतो." लेकीला तेव्हा हसू आलं होतं आणि थोडी लाजही वाटली होती. पत्रकावर तिने 'ज्येष्ठ समाजसेवक' छापून घेतलं. मीटरचं नावसुद्धा त्यात नव्हतं.

"घरात नळ चालू आहे का हो?" त्यांनी तिथूनच विचारलं.

नगरसेवकाची बहीण हात पुसत बाहेर आली.

"अगंबाई, मीटरवाले! नाही हो, सगळे बंद आहेत."

"मग ही चक्री का फिरतेय?"

काचेखाली नखाएवढी लाल चक्री सावकाश फिरत होती. बहिणीने वाकून पाहिलं आणि तिची तक्रार सुरू झाली. स्वयंपाकघराच्या भिंतीला वर्षभर ओल आहे, दोनदा रंग दिला, भावाला सांगून सांगून तोंड दुखलं. तो आपला 'बघतो' म्हणतो.

त्यांनी लेकीकडून झेंडा घेतला, कापड सोडवून खिशात ठेवलं आणि नुसती काठी घेऊन आत निघाले.

"कापड कशाला काढलं?" लेक वैतागली.

"दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात प्रचार करू नये."

काठीचं एक टोक फरशीवर, दुसरं कानाशी. ते वीतवीत सरकत होते. बहिणीने पंखासुद्धा बंद केला. लेक घड्याळाकडे बघत उभी होती. ओट्याच्या कोपऱ्यात ते थांबले आणि त्यांनी डोळे मिटले.

"इथे. ऐका."

आधी बहिणीने कान लावला, मग नाइलाजाने लेकीने. लाकडातून बारीक, न थांबणारा सूं सूं आवाज येत होता. लेकीने वडिलांना आजवर दमून घरी येताना पाहिलं होतं. काम करताना ती पहिल्यांदाच पाहत होती. तिला त्यांचा इतका अभिमान वाटला की काठी परत द्यायचंही भान राहिलं नाही.

त्यांनी फरशीवर खडूने फुली मारली.

"प्लंबरला एवढी एकच फरशी काढायला सांगा. घरभर खणू देऊ नका."

बहीण दारापर्यंत आली आणि घुटमळली.

"खोटं कशाला बोलू? मत भावालाच जाणार माझं."

"जायलाच हवं," ते म्हणाले. "सख्खा भाऊ आहे."

बाहेर आले तेव्हा साडेचार वाजत होते. एक गल्ली हातची गेली होती. लेकीने त्यांच्या खिशातलं कापड काठीला पुन्हा बांधलं आणि गाठ दोनदा आवळली.

"रागावलीस?"

"नाही. चला."

मागून बादली पालथी घातल्याचा आवाज आला. नगरसेवकाची बहीण बादलीवर चढून भिंतीपलीकडच्या शेजारणीला हाका मारत होती.

"वहिनी, ओ वहिनी! मीटरवाले येतायत तुमच्याकडे, नीट ऐकून घ्या त्यांचं. माझं मत भावापाशी अडकलंय, तुमचं तर मोकळं आहे ना?"