नळीतलं किटण

माझ्या भाचीला घरात सगळे पुतळी म्हणतात. लहानपणी 'स्टॅच्यू' म्हटलं की ही अशी थिजायची की नाकावर माशी बसली तरी हलायची नाही. बाकीची पोरं जेवायला पळाली तरी ही अंगणात उभीच. अशा मुलीच्या हाती नेमबाजीच्या क्लबातल्या सरांनी रायफल दिली आणि तिचं सोनं झालं. पन्नास मीटरवर लावलेल्या कागदाच्या मधल्या, शर्टाच्या बटणाएवढ्या ठिपक्यात ती गोळीमागून गोळी घालायची.

गेले दोन-तीन महिने मात्र तिच्या गोळ्या भरकटत होत्या. चार एका भोकात, पाचवी भलतीकडेच. दुसऱ्या कुणी नशिबाला बोल लावला असता. पुतळीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

त्याला कारण होतं. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फूटपट्टीने लाजावं असं त्याचं अक्षर. मग उजवा हात थरथरायला लागला. आधी एखादी वेलांटी तिरकी गेली, मग अख्खी ओळ, आणि शेवटी ब्रश धरणंच बंद झालं. डॉक्टर सहज बोलून गेले होते की हे कधी कधी मुलांत उतरतं. बोलणाऱ्याचं काय जातं? तेव्हापासून पुतळी चहाचा कप उचलतानाही आधी कपाकडे बघते.

सर म्हणाले, "रायफल टेबलाला घट्ट आवळून चार गोळ्या मारू. दोष तिचा की तुझा, लगेच कळेल." ही नको म्हणाली. सरांना नवल वाटलं, मला नाही. दाढ दुखत असली तरी वर्षवर्ष तोंड न उघडणारी माणसं मी रोज बघते. मी दातांच्या दवाखान्यात काम करते.

आणि एक दिवस, संघाच्या निवडीचे सामने तोंडावर आलेले असताना, पुतळी म्हणाली, "मी रायफल क्लबला परत करतेय." माझा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू जा तिच्याबरोबर. मी गेलो तर ती माझ्या हाताकडेच बघत बसेल."

म्हणून मी गेले. क्लबाच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या छताची लांबट खोली होती. तेलाचा वास, भिंतीला टेकवलेल्या सळया आणि रायफलींची देखभाल करणारे मिस्त्री. त्यांनी रायफल हातात घेतली, ती रिकामी आहे ना हे दोनदा पाहिलं आणि टेबलावरच्या घोडीवर आडवी ठेवली.

"परत द्यायची तर साफ करून द्यायची," ते म्हणाले. "नियम आहे."

"बंदूक रोज साफ करतेच की ही," मी म्हटलं.

"रायफल, आत्या," पुतळी पुटपुटली. जीव जायची वेळ आली तरी ही चूक दुरुस्त केल्याशिवाय राहायची नाही.

तिने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढला, सळईच्या टोकाला फडक्याचा तुकडा लावला आणि नळीतून सरळ पुढे ढकलला. पहिला काळाकुट्ट निघाला. दारू जळून उरलेली काजळी, मिस्त्री म्हणाले. दुसरा राखाडी, तिसरा जेमतेम मळका. नंतरचा तुकडा पांढरा शुभ्र बाहेर आला आणि तो बघून पुतळीचा चेहराही तसाच झाला.

"बघितलंस?" ती मला म्हणाली. "नळीत काही नाहीये. मीच आहे."

मला रागच आला. "पांढरं फडकं बघून काय निकाल देतेस? रोज दोनदा दात घासणारी माणसं आमच्याकडे येतात. हसली की मोत्यासारखे दात, आणि मागच्या बाजूला किटण दगडासारखं चिकटलेलं!"

मिस्त्री खो-खो हसले. "हेच मी दोन महिने सांगतोय, बाई. माझ्याकडे आत बघायचा कॅमेरा आहे. ही बघूच देत नाही."

मी पुतळीचा खांदा धरला. "आ कर," मी म्हटलं, दवाखान्यात म्हणते तसं. तिला हसू आलं, आणि त्या हसण्यात तिने मान डोलावली.

मिस्त्रींनी कॅमेऱ्याची काडीएवढी नळकांडी मागच्या बाजूने आत सोडली आणि आतलं दिसावं म्हणून तिला जोडलेला मोबाइल टेबलावर उभा केला.

मी आजवर किती तोंडांत डोकावले असेन, देव जाणे. पण असं काही पाहिलं नव्हतं. पोलादाची गोल भिंत, चंद्रासारखी उजळलेली, आणि तिच्यावर एकसारख्या अंतराने कोरलेल्या खाचा, सगळ्या मिळून हळूच पीळ घेत पुढे निघालेल्या. गोळीला गिरकी मिळावी म्हणून हा पीळ, असं मिस्त्री म्हणाले. गोळी इथून डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते. तिला बघायला वेळ नाही, माणसाचा डोळा आत जात नाही, आणि तरी कुणीतरी त्या अंधारात इतकं देखणं काम करून ठेवलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. देवळात येतो तसा, खोटं कशाला बोलू?

"इतकं सुंदर असतं आत?" पुतळी हळूच म्हणाली. इतकी वर्षं तिने ती रायफल गालाला लावली होती.

"आता मागे येऊ," मिस्त्री म्हणाले आणि कॅमेरा ओढून गोळी ठेवायच्या जागेच्या अगदी पुढे आणला.

तिथे खाचा दिसेनाशा झाल्या होत्या. एक काळं, खडबडीत कडं नळीला आतून घट्ट धरून बसलं होतं. किटणच. मी ओळखलं नसतं तरच नवल. फडकी त्याच्यावरून नुसतीच घसरत होती आणि पांढरी होऊन बाहेर येत होती.

"याच्यावर घासून जाते गोळी," मिस्त्री म्हणाले. "मग एखादी वाट चुकते."

पुतळी खाली स्टुलावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मी रडू दिलं.

मग काम सुरू झालं. उग्र वासाचं औषध लावून थांबायचं, पितळी ब्रश फिरवायचा, फडकं, पुन्हा औषध. घाई केली तर नळीला ओरखडा, म्हणून मिस्त्री तिला सारखे दटावत होते. दुपार कलेपर्यंत त्या काळ्या कड्याखालून एकेक खाच वर आली.

मैदानावर पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे गेल्या. मिस्त्री म्हणाले, नळी नुकतीच न्हायलीय, जरा बसू द्या तिला. मग बसली. नवा लावलेला कागद जवळ आणला तेव्हा त्यात एकच भोक होतं, कडा फाटलेलं. मी विचारलं, "बाकीच्या कुठे गेल्या?" पुतळी माझ्या गळ्यात पडली.

भावाला फोन केला. त्याने गुण विचारले नाहीत. "हात?" एवढंच म्हणाला.

"नळीत किटण होतं रे," मी म्हटलं. "हात जागच्या जागी आहे."

पुढे काय होईल ते मलाही ठाऊक नव्हतं, त्यालाही नाही. आज तिच्या हाताला ते थरथरणं नव्हतं, इतकंच खरं.

निवडीच्या सामन्याला तो आला. तिची निवड झाली, ते सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं. तो सगळ्यात मागच्या बाकावर, उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता. पुतळी चटईवर पालथी झाली, रायफल गालाला लावली, आणि हळूहळू तिच्यातलं सगळं हलणं थांबलं. श्वास दिसेना. पापणी दिसेना. आजूबाजूची माणसंही आपोआप गप्प झाली.

माझ्या भावाने हात मांडीखालून काढला. चारचौघांत, कितीतरी वर्षांनी. बोट तिच्याकडे केलं. ते बोट इतकं थरथरत होतं की पुढच्या बाकावरच्या बाई वळून बघायला लागल्या. त्याला त्याचं भानच नव्हतं.

"बघ," तो मला म्हणाला. "बघ ना, जरासुद्धा हलत नाहीये."