ओव्याचा वास

पंचफुलाच्या बाळंतपणाला बारा दिवस झाले होते आणि दम्यासाठी तिला चौथ्यांदा बैलगाडीतून हिंगणीच्या आमच्या दवाखान्यात आणलं होतं. मी इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात छातीतली घरघर कमी झाली. पण घरी गेली की संध्याकाळी पुन्हा तेच होई. तिला वर्ध्याला पाठवायचं मी ठरवलं. तिथे तान्ही मुलगी सोबत ठेवू देतील की नाही, मला माहीत नव्हतं. पंचफुला मुलीला सोडायला तयार नव्हती.

मी चिठ्ठी लिहायला घेतली. पुड्या बांधता बांधता कंपाउंडर सदाशिवराव म्हणाले, "बाई, तिच्या लुगड्याले ओव्याचा वास येते. दरवेळी."

वास मलाही आला होता. बाळंतिणीला धुरी देतातच, म्हणून मी विचारलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं.

नर्स सुलोचनाबाई त्याच गाडीतून पंचफुलाच्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. खोलीची खिडकी पोत्याने बंद, खाटेखाली गोवऱ्यांची शेगडी. सुनेला धाप लागली की कफ सुटावा म्हणून सासू शकुबाई मूठभर ओवा आणखी टाकायच्या.

"मी सहा बाळंतपणं धुरीवर काढली. मेली का मी?" शकुबाईंनी त्यांना विचारलं.

"तुमची छाती लोखंडाची हाय, आत्याबाई. सुनेची नाई. शेक द्या, धूर नोका देऊ."

सुलोचनाबाई अंधार पडेपर्यंत तिथेच थांबल्या. शेगडी खोलीबाहेर काढून, अंगणात विटा तापवून, फडक्यात गुंडाळून त्यांनी शेक दिला. त्या संध्याकाळी पंचफुलाला धाप लागली नाही. पुढे एकदाच लागली, तीही सदाशिवरावांनी दिलेल्या गोळीने थांबली.

सव्वा महिना झाल्यावर ती मुलीला घेऊन चालत आली. शकुबाई माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांना धरलं.

"मी तर हिला वर्ध्याला धाडत होते. वास सदाशिवरावांनी सांगितला, शेगडी सुलोचनाबाईंनी काढली."

शकुबाई औषधाच्या खिडकीशी गेल्या. "दादा, तुमचं नाक लय कामाचं हाय."

"घरी त म्हणतात, लांब हाय," सदाशिवराव म्हणाले. सुलोचनाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

पंचफुलाने मुलीला दोन्ही हातांनी उचलून खिडकीसमोर धरलं, सदाशिवरावांना नीट दिसावी म्हणून.