सुरुंग समजून बाद केलेले धक्के

ताईचा फोन सकाळी साडेनऊला आला तेव्हा ती धुण्याबद्दल बोलत होती. माझी थोरली बहीण तीनशे मुलांच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे, पण मला फोन केला की तिचे विषय तीनच: माझं वजन, माझा राग आणि तिचं धुणं.

"छकुले, आज चादर पांढरीच्या पांढरी वाळली गं! किती वर्षांनी!" चाळिशी उलटली तरी मी तिच्यासाठी छकुलीच. "खाण बंद झाल्यापासून धुळीचं नाव नाही बघ."

"कुठली खाण?"

"कुठली म्हणजे? आमच्या डोंगरावरची, दगडाची. सव्वा महिना झाला टाळं लागून. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. "हो का, बरं झालं," असं काहीतरी पुटपुटून मी फोन ठेवला. त्याच सकाळी, चहा पिता पिता, मी त्या खाणीतले नऊ सुरुंग बाद केले होते.

मी भूकंपमापन केंद्रात काम करते. लोकांना वाटतं आम्ही भूकंपाची वाट बघत बसतो. प्रत्यक्षात आम्ही कचरा निवडतो. ठिकठिकाणी बसवलेली आमची चौदा यंत्रं जमिनीचं बारीकसारीक हलणं टिपत असतात आणि त्यात ट्रक असतात, वारा असतो, गुरं असतात आणि खाणीतले सुरुंग तर रोजचेच. सुरुंग आणि लहानसा भूकंप पडद्यावरच्या रेघेत सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. पूर्वी खाणवाले दुपारी एक ते दोन या वेळातच सुरुंग उडवायचे, त्यामुळे ओळखणं सोपं होतं. मग त्यांचं काम वाढलं, ते वाटेल तेव्हा उडवू लागले आणि मी वैतागले. मीच संगणकाला नियम घालून दिला: त्या डोंगरापासून पाच किलोमीटरच्या आत लहानसा, उथळ धक्का आला की तो सुरुंग. वेळ बघायची नाही, खाणीत फोन करून विचारायचं नाही. रोजचा अर्धा तास वाचला म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली होती आणि मीही तेव्हा फुगून गेले होते.

आता मी तो बाद केलेला ढीग उघडला. सव्वा महिन्यात दोनशे चाळीस नोंदी होत्या.

सुरुंग जमिनीला चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, त्यामुळे प्रत्येक यंत्रावर रेघेचं पहिलं टोक वर जातं. खडकातली भेग सरकते तेव्हा ती एकीकडे ढकलते आणि दुसरीकडे ओढते, म्हणून काही यंत्रांवर टोक वर जातं, काहींवर खाली. इतकी साधी गोष्ट. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येते. मी पहिली नोंद उघडली. आठ ठिकाणी वर, सहा ठिकाणी खाली. दुसरी उघडली, तेच. दहावी, पन्नासावी, तेच.

नकाशावर टिंबं मांडली तर ती एका ओळीत बसली. ओळ डोंगरापाशी सुरू होत होती आणि दर आठवड्याला गावाकडे थोडी सरकत होती. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन-तीन धक्के, आता नऊ, आणि प्रत्येक आठवड्याचे धक्के आधीच्यांपेक्षा मोठे. शेवटची टिंबं ताईच्या शाळेच्या दारात होती.

शाळेच्या तळघरात, मोडक्या बाकांच्या खोलीत, आमचं एक यंत्र आहे. ते तिथे ठेवू द्यावं म्हणून मीच ताईच्या मागे लागले होते. मधली सुट्टी झाली की त्याची रेघ जाड होते, मुलं वर्गात गेली की बारीक. इमारत जुनी, विटांची, तीन मजली, आणि बुजवलेल्या तळ्यावर उभी. भरावाच्या जमिनीवर हादरा दुप्पट-तिप्पट होतो, हे मी भाषणात कितीतरी वेळा सांगितलंय आणि टाळ्याही घेतल्यात.

मी कागद घेऊन साहेबांच्या खोलीत घुसले. दारावर टकटक केली नाही, ते त्यांना आवडत नाही.

साहेबांनी नकाशा बराच वेळ पाहिला. "तुमचा नियम ना हा?"

"माझाच. माझं काय करायचं ते नंतर करा. आधी गावाला कळवा."

"बाई, अशा धक्क्यांच्या मालिका दहातल्या नऊ वेळा आपोआप विझतात. तुम्हीच लिहिलंय."

"आणि दहाव्या वेळी?"

त्यांनी नकाशा उलटा करून ठेवला. सहा वर्षांपूर्वी याच केंद्राने एका गावाला इशारा दिला होता. लोक आठवडाभर थंडीत मैदानावर राहिले, एक म्हातारे गृहस्थ त्यात गेले आणि भूकंप काही आला नाही. सगळं खापर साहेबांच्या डोक्यावर फुटलं. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला: पाच जणांच्या समितीची सही झाल्याशिवाय बाहेर एक अक्षर जाणार नाही.

"समिती उद्या अकराला बसेल," ते म्हणाले. "मी सगळ्यांना आत्ता फोन करतो, पण त्याआधी बसणं शक्य नाही. तोवर कोणाला काही बोलू नका."

मी भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी चष्मा पुसायला काढला, घातला आणि पुन्हा काढला. तेही घाबरलेत हे मला दिसलं. तोवर मला राग होता आणि रागाचा आधार होता. तो गेला आणि नुसती भीती उरली.

"बरं," मी म्हणाले.

पावणेबारापर्यंत मी तो शब्द पाळला. त्या वेळात शाळेखाली आणखी चार धक्के झाले. चौथा झाला तशी मी जिन्यात जाऊन ताईला फोन लावला.

"ताई, नीट ऐक. सगळ्या मुलांना मैदानावर काढ. आत्ता. भिंतींपासून लांब."

"अगं, गणिताची परीक्षा चालू आहे!"

"मरू दे गणित!"

मग तिचा शाळेतला आवाज आला, हळू आणि ठाम. "भूकंप येणारे?"

"माहीत नाही."

"येईल असं वाटतंय?"

"ताई, मला भीती वाटतेय. एवढंच सांगू शकते."

"आणि कोणी विचारलं तर?"

"कवायत आहे म्हण. बाकी बाहेर कोणाला काही बोलू नकोस. मला सांगायची परवानगी नाहीये."

जागेवर येऊन मी शाळेची रेघ उघडली. दोन मिनिटांनी ती जाड झाली. तीनशे मुलं जिना उतरत होती, धपाधप, जशी मुलं उतरतात तशी. मग रेघ बारीक झाली. इमारत रिकामी होती. आता फक्त वाट बघायची होती.

ताई दर वीस मिनिटांनी फोन करत होती. ऊन चढलंय. पाणी संपत आलंय. फाटकाशी दोन पालक आलेत आणि त्यांतला एक म्हणतोय की बाईंचं डोकं फिरलं. मी प्रत्येक वेळी "अजून थोडं" म्हणत होते. काही झालं नाही तर तिची नोकरी जाईल आणि माझीही. खरं सांगायचं तर एका क्षणी माझ्या मनात आलं, एकदाचं होऊन जाऊ दे, म्हणजे मी खोटी तरी ठरणार नाही. त्या विचाराची मला आजही भीती वाटते.

एक वाजून दहा मिनिटांनी ती म्हणाली, "आता आत नेते गं. पहिलीची पोरं रडकुंडीला आलीत."

"ताई, पाया पडते तुझ्या. नको."

"तू? पाया?" ती हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. "बरं. दहा मिनिटं. त्यापुढे एक मिनिट नाही."

एक सतराला डोंगराजवळच्या यंत्राची रेघ उसळली. पाठोपाठ शाळेची. तिने पडद्याची खालची-वरची कड गाठली, सगळा चौकोन काळा केला आणि मग ती सपाट झाली, यंत्रच बंद पडल्यासारखी. बाकीच्या रेघा एकामागून एक उठत होत्या. मी अंक मोजत बसले होते, का ते मला माहीत नाही. बारावर आले तेव्हा आमच्या खिडक्यांची तावदानं वाजू लागली आणि टेबलावरचा कप चालत कडेला गेला. आम्ही तिथून चाळीस किलोमीटर लांब होतो.

साहेब दारात उभे होते. त्यांनी चौकट दोन्ही हातांनी धरली होती.

फोन लागत नव्हता. मी लावत राहिले. पंचवीस मिनिटं तेवढंच केलं, आणि मधे कोणीतरी माझ्यापुढे पाणी ठेवलं तर त्याच्यावर खेकसले. मग फोन आपणहून वाजला.

"तीनशे बारा," ताई म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "सगळी आहेत. दोनदा मोजली."

मी टेबलावर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले. लाजबीज काही वाटली नाही.

"मधला जिना पार बसलाय," ती सांगत होती. "मागची भिंत गेली. छकुले, आम्ही आत असतो तर..."

तिच्या मागून ओरडण्याचा आवाज येत होता. अनेक माणसं एकाच वेळी ओरडत होती.

"ताई, काय चाललंय तिकडे?"

"समोरची बालवाडी. छप्पर खाली आलंय. त्यांच्या बाई दोघांना घेऊन बाहेर आल्या. बाकीची आत आहेत. माझे सगळे शिक्षक तिकडेच विटा काढतायत."

मी फोन कानाला घट्ट दाबला.

"त्यांना कोणी फोन केला होता?" ताईने विचारलं.

"नाही."

"ती पोरं खिडकीत उभी राहून आमच्याकडे बघत होती गं. त्यांच्या बाईंनी मला रस्त्यापलीकडून विचारलं, आज काय आहे? तू म्हणाली होतीस कोणाला बोलू नकोस. म्हणून मी म्हटलं, कवायत."

"मला सांगायची परवानगी नव्हती, ताई."

"मग मला कसं सांगितलंस?"

"तू माझी बहीण आहेस."

तिकडे कोणीतरी "इथे, इथे हात लावा" म्हणून ओरडलं. तिने फोन बंद केला नाही, तसाच खिशात टाकला असावा, कारण पुढची वीस मिनिटं मला विटा बाजूला फेकल्याचे आवाज ऐकू येत होते. मी ते शेवटपर्यंत ऐकले.