डावाउजवा कोणी घेतलं

गुरुवारी दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी संगणकाच्या पडद्यावर एक ओळ उमटली : हे नाव उपलब्ध नाही.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत चढवला. ओळ तीच होती. सकाळी साडेदहाला याच चौकटीत त्यांनी हेच नाव टाइप केलं होतं आणि शेजारी हिरवी खूण आली होती, नाव मोकळं आहे, घ्या म्हणून. मधल्या पावणेचार तासांत कोणीतरी ते उचललं होतं.

नाव होतं ‘डावाउजवा’. ते त्यांच्या लेकीचं होतं; निदान नऊ वर्षं सगळे तसं धरून चालले होते. लेक बूट करायची, पण जोडीच्या हिशेबानं नाही. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, ज्यांचं एक पाऊल अपघातात वाकडं झालंय, त्यांच्यासाठी ती डाव्याचा साचा वेगळा करायची, उजव्याचा वेगळा. प्रत्येक बुटाच्या आतल्या तळावर पितळी ठशानं ‘डावाउजवा’ उमटवलेलं असायचं. वेबसाइट मात्र नव्हती. कधी गरजच पडली नव्हती.

ती सोमवारी पडली. हाडांच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला : प्लास्टर काढल्यावर रुग्णाला आम्ही जे माहितीपत्रक देतो, त्यात यंदा बुटांसाठी तुझं नाव घालतेय. पत्रक वर्षातून एकदाच छापतो. फोन नंबर बदलतात, दुकानं हलतात, म्हणून फक्त वेबसाइटचा पत्ता छापणार. शुक्रवारी बारापर्यंत छापखान्याला कळव.

लेकीनं निरोप दोनदा वाचला. तिच्याकडे माणसं विचारत विचारत यायची, कधी पाय मोडल्यावर दोन-दोन वर्षांनी. तोवर चाल बिघडलेली असायची, कंबर धरलेली असायची. या पत्रकामुळे प्लास्टर निघेल त्याच दिवशी तिचा पत्ता माणसाच्या हातात पडणार होता.

“बाबा, वेबसाइटसाठी आपलं नाव कुठूनही घ्या, पण आजच घ्या,” ती म्हणाली होती. “पाच मिनिटांचं काम आहे म्हणे.”

“पाच मिनिटांत नोंद होते होय?” बाबा म्हणाले. “कोण करतं? कुठल्या वहीत?”

बाबांनी चौतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीमागं काढली होती. दाखल्याची नक्कल मागायला कोणीही येवो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : कशासाठी हवी? प्रश्न अर्जावरच छापलेला होता. पण बाबा तो इतक्या कुतूहलानं विचारायचे, की माणसं लग्नं, भांडणं, परदेशी गेलेला मुलगा असं सगळं खिडकीवर मांडून जायची. कार्यालयात त्यांचं नावच ‘कशासाठीसाहेब’ पडलं होतं. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत त्यांनी कोणाला काही विचारल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं. सोमवारी त्यांचे डोळे लुकलुकले ते लेकीनं पाहिलं आणि तिचं मन पाघळलं.

“दोन दिवस दे,” बाबा म्हणाले. “चुकीच्या ठिकाणी झालेली नोंद हलवताना माणसाच्या चपला झिजतात. मी बघितलंय.”

“दोनच.”

मंगळवारी सकाळी त्यांनी पट्टीनं रेघा मारून वहीत तक्ता आखला. वर अशी नावं नोंदवून देणाऱ्या चार कंपन्या, खाली प्रश्न. दुपारपर्यंत त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, नाव विकत मिळतच नाही. ते वर्षाच्या बोलीनं मिळतं, फार तर एका दमात दहा वर्षांसाठी, आणि मुदत चुकली की काही दिवसांनी सुटतं. दुसरी गोष्ट कळल्यावर तर ते खुर्चीतून उठलेच. या कंपन्या नावांची वही स्वतः ठेवत नव्हत्या. लेकीला हवा होता तो शेवट, म्हणजे टिंबापुढची अक्षरं, असलेली जगातली सगळी नावं एकाच मोठ्या दप्तरात जात होती.

“म्हणजे दप्तर एक,” स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी जाहीर केलं, “आणि खिडक्या शेकड्यांनी! आमच्याकडे चार होत्या तरी लोक भांडायचे.”

जावई टेबलाशी वह्या तपासत बसला होता. तो शाळेत गणित शिकवायचा. “मग कुठल्याही खिडकीवरून घेतलं तरी तेच ना, बाबा?”

“जावईबापू, दप्तर एक असलं तरी खिडकीमागचा माणूस एक नसतो.”

“हे मात्र खरं. तुमच्या खिडकीवर मी पाऊण तास उभा होतो. लग्नाआधी.”

“कशासाठी आलास ते धड सांगेनास, म्हणून.”

बाबांनी चारही कंपन्यांना एकेक करून फोन लावले आणि माणूस बोलायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून टिपलं. पहिल्या कंपनीत सत्तावीस मिनिटं सनई वाजली. मग आलेल्या पोरसवदा आवाजाला त्यांनी विचारलं, “अर्जदार मयत झाला, तर नाव कोणाकडे जातं?”

पलीकडून प्रश्न आला, “सर, कोण गेलं?”

“अजून कोणी नाही.”

“मग आपण आधी रजिस्टर करून घेऊ या का, सर?”

दुसऱ्या कंपनीला फोनच नव्हता. तिथं प्रश्न टाइप करायचा, उत्तर यंत्र देणार. बाबांनी तोच प्रश्न टाकला. यंत्र म्हणालं, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तिसरी कंपनी वेबसाइटही बांधून देत होती. पण बारीक अक्षरांतला मजकूर वाचला तेव्हा कळलं, की नाव नोंदणार तिच्याच नावावर. “मूल आपलं, दाखल्यावर बाप दुसरा,” बाबा म्हणाले आणि त्या रकान्यावर उभी फुली मारली.

चौथ्या कंपनीत दोन मिनिटांत एक बाई फोनवर आल्या. नाव अर्जदाराच्याच नावावर, त्यांनी सांगितलं. दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं झालं तर संकेतांक मागा, अडवणूक नाही. मुदत संपण्याआधी तीन पत्रं येतात. “आणि काका, संपर्कासाठी याच नावावरचा ई-मेल देऊ नका. नाव बंद पडलं तर तो ई-मेलही बंद पडतो, मग आमची पत्रं तुम्हाला कशी मिळणार? सांगा बरं, कुठलं नाव हवंय?”

बाबांनी नाव सांगितलं. अक्षर न् अक्षर सुटं करून सांगितलं.

मयत अर्जदाराचं मात्र वरिष्ठांना विचारावं लागेल, गुरुवारी सकाळी फोन करते, असं बाई म्हणाल्या. बुधवारी संध्याकाळी तक्त्यात तेवढा एकच चौकोन रिकामा होता. दोन दिवस संपले होते. लेकीनं विचारलं, “झालं?” बाबा म्हणाले, “एक उत्तर यायचंय.” तिनं आरी खाली ठेवली, परत उचलली.

दरम्यान सकाळ-संध्याकाळ ते चारही कंपन्यांच्या चौकटींत नाव टाकून बघत होते. आहे ना जागेवर? आहे. चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसं.

गुरुवारी अकराला बाईंचा फोन आला. वारसाचे कागद दिले की नाव वारसाकडे जातं. बाबांनी तो शेवटचा चौकोन भरला. मग, लेकीला दाखवायचा म्हणून, सगळा तक्ता शाईनं पुन्हा उतरवून काढला. जेवले. दोन वाजून सतरा मिनिटांनी नाव नोंदवायला बसले.

कार्यशाळा दोन गल्ल्या सोडून होती. बाबा गेले तेव्हा लेक एका जाड तळाची कड कानशीनं घासत होती. त्यांनी सांगितलं. ती घासतच राहिली. तळ नको तितका उतरला, तेव्हा थांबली.

“कोणी?” तिनं विचारलं.

मोठ्या दप्तरातली नोंद कोणालाही पाहता येते, हे बाबांना तक्ता करतानाच कळलं होतं. त्यांनी ती आता तिच्यासमोर उघडली. वेळ दप्तराच्या घड्याळातली होती, ती त्यांनी आपल्या घड्याळात बसवली. नोंद गुरुवार सकाळ, दहा वाजून एक्केचाळीस मिनिटं. खिडकी : चौथी कंपनी. धारकाचं नाव : झाकलेलं.

“झाकलेलं म्हणजे?”

“धारकाच्या इच्छेनुसार.” बाबांचा आवाज बारीक झाला. “आम्हीही सांगत नसू. कोणाची नक्कल कोणी नेली ते.”

“मी बघितल्यावर अकरा मिनिटांनी गेलं,” ते बोटांवर मोजून म्हणाले.

संध्याकाळी जावयानं कागद ओढला. शक्यता एक : चौकटीत कोण काय शोधतंय यावर कोणाची तरी नजर होती. शक्यता दोन : फोनवर सांगितलेलं नाव कोणाच्या तरी कानावर गेलं. शक्यता तीन : जगात दुसऱ्या कोणाला तरी हेच नाव, याच सकाळी सुचलं.

“तिसरी किती टक्के?” लेकीनं विचारलं.

“सांगायला लाज वाटावी इतकी.”

“आणि चौथी,” ती म्हणाली. “मी तीन दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतेय, वेबसाइट निघतेय म्हणून. अकरा जणांना सांगितलं. म्हणजे एकट्या बाबांच्या माथी मारू नका.”

बाबांनी चौथ्या कंपनीच्या बाईंना फोन केला. त्या मनापासून हळहळल्या. आम्ही असं करत नाही, काका, म्हणाल्या. धारक कोण ते मलाही दिसत नाही, पण निरोप पोचवायची सोय आहे. बाबांनी पाच वाजून दहा मिनिटांनी निरोप लिहिला : सदर नाव आम्हाला हवे आहे, कृपया संपर्क साधावा.

लेकीनं वाचलं. “सदर?”

“सवयीनं आलं.”

शुक्रवारी सकाळपर्यंत उत्तर नव्हतं. बाबांनी चौथ्याच कंपनीत दुसरं नाव नोंदवून टाकलं : ‘डावाउजवाबूट’. घड्याळ लावलं होतं. सहा मिनिटं लागली.

“हे छापू या,” ते म्हणाले.

“आणि माणूस शेपूट विसरून नुसतं डावाउजवा टाकेल तेव्हा?” लेक म्हणाली. “तो त्या झाकलेल्या माणसाच्या दारात जाईल. तिथं उद्या तयार चपला विकायला ठेवल्या, की वर्षभर डॉक्टरीणबाईंचे रुग्ण तिकडे. माझ्या ठशाचं नाव आहे ते, बाबा.”

पावणेबाराला तिनं छापखान्याला फोन लावला. छापखानेवाले वयस्क होते, त्यांच्या उजव्या बुटात तिचीच टाच होती. पत्रकाची मागची बाजू, व्यायामाच्या चित्रांची, आधी छापून घेतो, ते म्हणाले. पुढची बाजू चारला चढवीन. त्यापुढं मला थांबवू नकोस, पोरी.

बारा चाळीसला उत्तर आलं. कार्यशाळेतल्या संगणकावर तिघांनी ते एकदमच वाचलं. जावई मधल्या सुट्टीत धावत आला होता.

नाव माझ्याकडे आहे. तुम्हाला ते कशासाठी हवं आहे?

खाली सही नव्हती.

जावयानं सासऱ्याकडे बघितलं. लेकीनंही. मग कालपासून पहिल्यांदा तिला हसू फुटलं. “बाबा, हा तुमच्याच खिडकीतला दिसतोय.”

बाबा हसले नाहीत. ते पडद्याच्या जवळ सरकले होते. “घाऊक नावं गोळा करणारा असं विचारत नाही,” ते पुटपुटले. “तो किंमत सांगतो. याला जाणून घ्यायचंय. कोण असेल? पायाचं काही असेल का याचं? की दोन हातांनी वाजवायचं काही शिकवतो?” त्यांनी बाह्या सारल्या. “मी लिहितो. विनंती अर्ज करण्यास कारण की—”

“सरका,” लेक म्हणाली. “खिडकीच्या या बाजूला उभं राहायची तुम्हाला सवय नाही.”

तिनं एकेका बोटानं टाइप केलं. मी नऊ वर्षं बूट करते, डावा वेगळा, उजवा वेगळा, कारण माणसाचे पाय सारखे नसतात. बुटात हे नाव ठोकलेलं असतं, ठशाचा फोटो जोडलाय. आज चार वाजता एक पत्रक छापलं जाईल, ते ज्यांना मिळेल त्यांनी मला शोधावं म्हणून हवंय. क्षणभर थांबून तिनं आणखी एक ओळ घातली : तुम्ही कशासाठी घेतलंत?

बारा अठ्ठावन्नला निरोप गेला. जावई शाळेत परतला. लेकीनं नको तितका उतरलेला तळ फेकून नवा कापायला घेतला. बाबा स्टुलावर बसून राहिले. दोनदा त्यांचा हात चौकटीकडे गेला, नाव टाकून बघायला, आणि दोन्ही वेळा त्यांनी तो मांडीवर परत ठेवला.

तीन पन्नासला छापखान्यातून फोन आला. यंत्र धुऊन झालंय, पुढची बाजू चढवतोय. “ओळ काय घालू ते सांग.”

“दहा मिनिटं आहेत ना?”

“दहाच.”

तिनं फोन कानाशीच धरून ठेवला. बाबांनी टपाल उघडलं. नवं पत्र एक होतं, चौथ्या कंपनीकडून, तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांचं : तुमचा निरोप धारकानं उघडला आहे. त्याच्या खाली धारकाचं उत्तर नव्हतं.