बिनदाराची खोली मंजूर

नकाशा मंजुरीच्या कचेरीत पहिल्या फेरीत कुठलाही नकाशा मंजूर होत नाही, हे बांधकामाच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. ते कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही, म्हणूनच सगळे पाळतात. तपासणाऱ्याला पगार मिळतो तो त्रुटी काढण्याचा. त्रुटी नाही सापडली तर वरचा साहेब विचारतो, "वाचलात की नुसताच उलटलात?" मग बिचारा काहीतरी शोधतोच. आणि शोधायला लागलेला माणूस कुठे जाऊन पोचेल याचा नेम नसतो. उत्तरेचा बाण जरा कललाय इथून सुरुवात करतो आणि पायाच चुकलाय इथवर येतो.

म्हणून नकाशे काढणाऱ्या मंडळींनी पूर्वीपासून एक रीत पाडून घेतली होती. नकाशात आपणच एक चूक ठेवायची. ठळक, सोपी, एका रेघेत दुरुस्त होणारी. तपासणाऱ्याला ती दिसते, तो खूश होतो, लाल शेरा मारतो आणि पोट भरलं की बाकीच्या ताटाकडे बघत नाही. या चुकीला धंद्यात 'घास' म्हणायचे. "घास ठेवलास का?" असं एकमेकांना विचारल्याशिवाय कोणी फाईल खिडकीत सरकवायचं नाही.

मिलीमीटर घास ठेवण्यात उस्ताद होता. त्याचं खरं नाव त्याच्या परवान्यावर होतं आणि बायको चिडली की तिच्या तोंडी यायचं. एरवी सगळा बाजार त्याला मिलीमीटरच म्हणायचा, कारण पाण्याचा पेला ठेवतानाही तो टेबलाच्या दोन्ही कडांपासून सारखं अंतर बघायचा. अशा माणसाला चूक करणं जड जातं. पण त्याने तेही मन लावून शिकून घेतलं होतं. कधी जिन्याला कठडा नाही, कधी न्हाणीघराला खिडकी नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला परवडेल असा घास.

थोरल्या बहिणीचं, ताईचं काम निघालं तेव्हा मात्र त्याचा हात सैल सुटला. घरचं काम म्हटल्यावर तो सुटतोच.

ताईचा शिवणाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे भाड्याच्या गाळ्यात सहा मशिनं, एक इस्त्रीचं टेबल आणि चार बायका. शाळांचे गणवेश शिवायचे. आता गाळ्याच्या मालकाला तिथे मोबाईलचं दुकान थाटायचं होतं, आणि शाळा उघडायच्या आत गाळा रिकामा हवा होता. तसा दुसरा गाळा ताईच्या आवाक्यातला नव्हता. घराला गच्ची होती. गच्चीवर एक लांब खोली आणि बाहेरून जिना एवढं उभं राहिलं तर कारखाना राहणार होता. घरात कोपऱ्यात बसून शिवायची सोय नव्हती, कारण गणवेशाची कंपनी परवाना असलेल्या जागेलाच काम द्यायची, आणि परवाना मिळायचा तो मंजूर नकाशाबरहुकूम बांधलेल्या जागेला.

मिलीमीटरने नकाशा ताईच्या टेबलावर पसरला. भाऊजींनी चष्मा लावला. त्यांचा जन्म इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला; कागदावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

"जिना झकास आलाय, मेहुणे. पण वर जाऊन करायचं काय?"

"म्हणजे?"

"दार कुठंय?"

मिलीमीटर हसला. "तो घास आहे."

"अरे, पण एवढा मोठा?" ताई म्हणाली. "आख्खं दार?"

"बारीक ठेवला तर त्यांना सापडत नाही, ताई. मग भलतंच उकरत बसतात. हा आंधळ्यालाही दिसेल. ते लिहितील, दार दाखवा. मी दार दाखवीन. दुसऱ्या फेरीत मंजूर."

"आणि नाही दिसलं तर?"

"खोलीला दार नाही हे दिसणार नाही? इंजिनिअर आहेत ते."

"म्हणूनच विचारतेय ती," भाऊजी म्हणाले.

पण कचेरीने नेमकी त्याच सुमारास कात टाकली होती. पूर्वी एक तपासनीस आख्खा नकाशा वाचायचा. आता नकाशा कॉम्प्युटरवर पाच खात्यांत वाटला जायचा: आग, पाणी, खांब, उजेडवारा आणि हद्द. ज्याने त्याने आपलं बघायचं. दुसऱ्याच्या रेघा मध्ये येऊ नयेत म्हणून पडद्यावर त्या फिक्या करून टाकलेल्या. मिलीमीटरला हे ऐकून माहीत होतं, पण कात टाकली तरी साप तोच, असा त्याचा हिशोब.

काही आठवड्यांनी तो खिडकीवर गेला. खिडकीतल्या बाईंनी कागद हातात ठेवले आणि चक्क हसल्या.

"अभिनंदन!"

"शेरे कुठंयत?"

"शेरेच नाहीत. पाचही खात्यांकडून पहिल्या फेरीत मंजूर. माझ्या नोकरीत पहिल्यांदा बघतेय. पार्टी हवी हं."

मिलीमीटरने कागद उलटून पाहिले, खरंच शेरा नव्हता. त्याने तिथेच नकाशा उलगडला. जिना वर जात होता आणि एका सलग, सुरेख भिंतीपाशी थांबत होता. भिंतीवर पाच शिक्के होते.

तो तडक प्रमुख तपासनिसांच्या खोलीत गेला. साहेब मूळचे भले गृहस्थ. निवृत्तीला टेकलेले, आणि मधल्या काळात त्यांच्याकडचं काम काढून घेऊन त्यांना हुद्दा दिलेला.

"साहेब, या खोलीला दार नाही."

साहेबांनी पडद्यावर नकाशा उघडला, मान वाकडी करून बघितला. "खरंच की. नाहीये."

"मग मंजूर कसा झाला?"

"थांबा, बघू." साहेब एकेक खातं उघडत गेले. त्यांना त्यात रस वाटायला लागला होता. "आगवाल्यांना विचारलंय, आतल्या माणसांना बाहेर पडायला वाट पुरेशी आहे का? आत जायलाच वाट नाही, म्हणजे आत माणसं शून्य. शून्य माणसांना कुठलीही वाट पुरते. मंजूर. खांबवाल्यांना भिंत सलग मिळाली, ते तर खूशच असणार. उजेडवाऱ्याला खिडक्या हव्यात तीन, तुम्ही दिल्यात चार. पाणीवाल्यांनी तर शाबासकी दिलीय: पावसाचं पाणी दारातून आत येण्याचा धोका नाही. हद्दीत जिना बसतोय."

"पण दार कोणी बघायचं?"

साहेबांनी पडद्यावरची खाती एकेक करून मिटली. "पूर्वी मी बघायचो."

"मग आता मारा ना शेरा. एक ओळ लिहा, दार दाखवा."

"मंजुरीनंतर शेरा म्हणजे मंजुरी चुकली. मंजुरी चुकली म्हणजे पाच जणांची चौकशी. आणि पाचांच्या डोक्यावर सही माझी आहे."

"बरं, मीच सुधारित नकाशा देतो. नुसतं दार वाढवतो."

"द्या ना. पण भिंतीत भोक म्हणजे रचनेत बदल. रचनेत बदल म्हणजे नवा अर्ज. आणि नवा अर्ज म्हणजे नवे नियम." साहेबांनी नवं परिपत्रक पुढे सरकवलं. "बाहेरचा जिना आता शेजाऱ्याच्या हद्दीपासून दीड मीटर लांब लागतो. तुमचा जिना कुंपणाला घासून चाललाय. जुन्या नियमात बसला, नशीब तुमचं."

"घरातून जिना काढला तर?"

"राहत्या घरातून कारखान्यात वाट? ते तर जुन्या नियमातही नाही."

मिलीमीटर खाली बसला. मग ज्या गोष्टी या खोलीत कोणी कधी बोलत नाही त्यातली एक तो बोलून गेला. "साहेब, घास होता हो तो."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. त्यांच्या खोलीला होतं. मग हळू आवाजात म्हणाले, "मला काय कळत नाही? जन्मभर तुमचे घास खाल्लेत. नुसत्या चवीवरून सांगायचो कोणाच्या हातचा आहे. तुम्ही न्हाणीघराची खिडकी ठेवलीत की मला बरं वाटायचं, म्हटलं, माणूस कामाला लागलाय. आता यंत्राला जीभच नाही, त्याला मी काय करू?" आणि उठता उठता बजावलं, "हे लिहून देऊ नका कुठे. मुद्दाम चूक केली म्हटलं की तुमचा परवाना जाईल. आणि ताईंना दार मिळणार नाही ते नाहीच."

संध्याकाळी ताईच्या गाळ्यात बैठक बसली. मशिनं चालूच होती.

"सोपं आहे," भाऊजी म्हणाले. "नकाशाप्रमाणे बांधायची, मागाहून दार पाडायचं."

"आणि परवान्यासाठी माणूस येईल तो?" ताई म्हणाली. "नकाशा हातात घेऊन येणार. दारातून आत शिरणार आणि म्हणणार, हे दार नकाशात नाही."

"मग तू त्याला विचार, तू आत आलास कुठून?"

"तुम्ही विचारा. तुमचं बोलणं कोणी मनावर घेत नाही, हरकत नाही."

काजं करणाऱ्या मावशींनी मान वर न करता सुचवलं, "मग खिडकीतून जाऊ की आपण. चार आहेत म्हणे. एकेकीला एकेक."

बाकीच्या बायका हसल्या. मिलीमीटर हसला नाही. त्याने दुपारी खरोखरच ते विचारून पाहिलं होतं. खिडकी हे दार नव्हे, असा स्वतंत्र नियम निघाला.

ताईने हातातली बाही उलटी केली, दोरा तोडला. "म्हणजे सरकारने मला खोली दिली, पण मला सोडून."

"मी नवा अर्ज टाकतो, ताई. जिन्याला सवलत मागतो. जागा अरुंद असली तर देतात कधीकधी."

"कधी दिली होती?"

मिलीमीटरने आठवून पाहिलं. "तरतूद आहे," तो म्हणाला.

त्याने अर्ज टाकला. या खेपेला नकाशात दार होतं, कडी-कोयंड्यासकट, आणि घास कुठेच नव्हता. महिनाभराने नकाशा शेऱ्यांनी लालबुंद होऊन परत आला. जिन्याचा शेरा होताच. पण सगळ्यात वर लिहिलं होतं: 'याआधीच्या मंजूर नकाशात सदर खोली दाराविना परिपूर्ण आहे. दाराची आवश्यकता सिद्ध करावी.'

त्याने आवश्यकता सिद्ध करायला घेतली. माणसं खोलीत दारातून जातात, हे त्याने तीन पानांत लिहिलं. 'आधार जोडावा', असा शेरा आला. गवंड्याच्या दाखल्यापासून ताईच्या चारही कामगार बायकांच्या सह्यांपर्यंत त्याने आधार जोडला. मग ती फाईल आगवाल्यांकडे गेली. आता खोलीत माणसं येणार हे अर्जदाराने स्वतःच कबूल केल्यामुळे, त्यांनी दुसरा जिना मागितला. एक बसत नव्हता तिथे दोन.

मधल्या काळात कचेरीच्या दर्शनी भिंतीवर ताईचा पहिला नकाशा काचेच्या चौकटीत लागला. खाली पाटी: 'पहिल्या फेरीत मंजूर. आदर्श नमुना.' नकाशेवाले येता-जाता फोटो काढायला लागले. मिलीमीटरला बाजारात कोणी अडवून विचारायचं, "लेका, काय युक्ती केलीस?" तो खरं सांगायचा, तर लोक डोळा मारायचे. पुढे खिडकीतल्या बाईंकडून कळलं की आणखी दोघांच्या बिनदाराच्या खोल्या दाखल झाल्या आणि दोन्ही मंजूर झाल्या. एका गोदामाची, एका दवाखान्याची.

गाळा सोडायचा दिवस आला तेव्हा फाईल पाणीखात्याकडे होती. दार आल्यामुळे पाणी आत येण्याचा धोका निर्माण झाला होता.

टेम्पो लागला. मशिनं एकेक करून बाहेर आली. उजेडात ती वाटत होती त्यापेक्षा जुनी दिसली. मावशींनी त्यांची कात्री पदराला पुसली. "ही मी नेते हं ताई. ही माझी आहे."

"न्या की. नवीन कामाच्या ठिकाणी देत नसतील."

"तिथे मशीनच कापतं म्हणे. तरी असू दे."

टेम्पोवाल्याने फळी लावून घेतली. "माल कुठे उतरवायचा?"

"घरी ने, ताई," मिलीमीटर घाईघाईने म्हणाला. "खालच्या खोलीत दोन मशिनं बसतील. मी मोजलंय. आठ दिवसांत उत्तर येईल."

"उत्तर येतंच रे तुझ्या कचेरीचं," ताई म्हणाली. रागाने नाही, ताप आलेल्या मुलाशी बोलावं तसं. "दोन मशिनांवर चौघी कशा बसवू? आणि परवान्याशिवाय शिवू काय?" मग तिने टेम्पोवाल्याला जुनी मशिनं विकत घेणाऱ्या दुकानाचा पत्ता सांगितला. भाऊजी पुढे चढले, ताई त्यांच्या शेजारी. तिसऱ्याला जागा नव्हती.

"किल्ली तेवढी मालकाला दे," ती म्हणाली, आणि टेम्पो गेला.

मिलीमीटरने गाळा झाडला. दोऱ्याचे तुकडे निघता निघेनात. मालक आला, किल्ली घेतली, आत फिरून भिंती ठोकून पाहिल्या. मग थबकून त्याच्याकडे वळला.

"तुम्ही नकाशे काढता ना? ते चौकटीत लागलेत तेच ना तुम्ही?"

"हो."

"मग बरे भेटलात. मला इथे वर माळा काढायचाय, दुकानाच्या मालासाठी. पहिल्या फेरीत मंजूर करून देता म्हणे तुम्ही."

मिलीमीटर केरसुणी हातात घेऊन उभा होता. भिंतीला मशिनांच्या पाठी टेकून टेकून सहा काळे डाग पडले होते, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. ती अंतरं त्यानेच आखून दिली होती.

"माळ्यावर माणसं जाणार आहेत?" त्याने विचारलं.

"जातील की. का?"

"नाही," मिलीमीटर म्हणाला. "तसं लिहू नका." आणि त्याने खिशातून टेप काढून एक टोक मालकाच्या हातात दिलं.