नाका चुकवाले सांबारातून

माह्या सांबाराचे वाफे वाचले पायजे, एवढंच माहं म्हननं होतं. एवढ्याशा गोष्टीवरून सारं गाव माह्यावर रुसून बसलं.

कोनाले वाटन, चार वाफे सांबार, वरनावर भुरकवाचा हिरवा पाला, त्याचं काय कौतुक! पन बाकी सारं वावर आमच्या घरच्याचं, जगदेवचं. हो, नाव घेते मी, त्यानं काई त्याचं आयुष्य कमी होत नाई. सोयाबीन त्याची, तूर त्याची. कवा इकायची अन् कोनाले, थे बी तोच ठरवते. हिरीपासचा तेवढा तुकडा माहा. म्या पेरायचं, म्या खुडायचं, जुड्या बांधून मालेगावच्या बाजारात म्याच नेऊन बसायचं. आलेल्या पैशाचं काय केलं म्हनून इचारायची कोनाची हिंमत नाई.

मंग रोडवर टोलचा नाका बसला.

आमच्या गावातून मालेगाव म्हंजे अंग मोडून जांभई देऊ तवर येते, अन् मधात हा दांडा आडवा! मोटारसायकलले माफ, आटोले माफ, पन गोपीचंदच्या जीपले नाई. गोपीचंद म्हंजे शेजारच्या वावरातल्या माह्या रंगूबाईचा पोरगा. गावाच्या सवाऱ्या तोच नेते. नाक्याचे पैसे तिकिटात टाकले तं सवाऱ्या त्याच्या अंगावर धावून जात, नाई टाकले तं त्याच्या डिझलचे वांधे. थो बिचारा मालेगाव येईस्तोवर नाक्याच्या नावानं बोटं मोडे.

एक दिवस त्यानं नाक्याच्या अलीकडंच जीप खाली उतरवली, आमच्या वावरात घातली, हिरीपासून काढली अन् नाक्याच्या पलीकडं रोडले लावली.

"काकू, जाऊ देसान ना? तुमचीबी पाटी हाये जीपीत," म्हने.

पाटी होती खरी. म्या म्हनलं, जा बाप्पा एखाद्या वक्ती.

एखाद्या वक्ती कायचं! दुसऱ्या दिवशी दूधवाला आला. मंग पिकअपवाले आले. मंग कोन कुठचे कारवाले, काचा वर करून, गाने लावून. त्याईले कोनं सांगतलं देव जाने. वाफ्याचे वरंबे चपटे झाले. सांबारावर हा धुळीचा थर! बाजारात बाया पान तोंडात टाकत अन् म्हनत, "बाई, रेती लागते वं दाताले." मी काठी घेऊन उभी राहू लागली. जो जाये त्याले नाव घेऊन, बापाचं नाव घेऊन शिव्या देल्ल्या म्या. नाव मालूम नसलं तं गाडीच्या रंगावरून देल्ल्या.

शेवटी जगदेवले म्हनलं, "अहो, काई तरी करा."

त्यानं केलं. दोन खुंट ठोकले, मधात दोर बांधला, निंबाखाली खाट टाकली अन् गाडीमागं दहा रुपये घेऊ लागला.

"तुमी रस्ता बंद करून राह्यले का नाका चालवून राह्यले?"

"बसल्या जागी दहा रुपये भेटून राह्यले. तुह्या सांबारात काय भेटते?"

माहं डोस्कंच फिरलं. दोन दिवस त्याच्याशी बोलली नाई. त्याले मौज वाटली असन.

पन हावरट मानूस थांबते काय? पयले परक्याले घेतले, मंग गाववाल्यालेबी घेऊ लागला. गोपीचंदले दोर आडवा केला तवा थो जीपीतून उतरलाच. "नाका चुकवाले आलो तं अठी दुसरा नाका! जगदेवकाका, शरम हाये का?" हमरीतुमरी झाली. गोपीचंदनं गाव गोळा केलं अन् तहसीलीत अर्ज ठोकला. ही जुनी पांदण हाये, बैलबंड्याची वाट हाये, जगदेवनं अडवली, थे सरकारनं खुली करावी. आठ-दहा अंगठे अन् सह्या. त्यात एक अंगठा रंगूचा.

आता आली का पंचाईत! तहसीलच्या साहेबानं हो म्हनलं तं जेसीबी येईन, मुरूम पडन, अन् माहे वाफे कायमचे त्याच्याखाली.

जगदेवची पाचावर धारन बसली. "साहेब आला का तू तोंड उघडू नको. मी सांगतो, अठून कोनी जातच नाई म्हनून."

"अन् चाकोऱ्या काय उंदरानं पाडल्या?"

"तू चूप राह्य बस."

साहेब आला. पुन्याकडचा असावा, सांबाराले कोथिंबीर म्हने. सारं गाव हिरीपाशी गोळा झालं. रंगू पोरापाशी उभी होती, माह्याकडं पाहे ना. माह्या अन् तिच्या वावराची नाल्याकडून एकच सीव, मधात एकच धुरा, हातभर मातीचा बांध. कित्येक सालापासून दुपारची भाकर आमी दोघी त्याच धुऱ्यावर सोडत आलो. तिचं भरीत, माहा ठेचा. तिचा मोठा भाऊ गेला तवा थे माह्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती.

"इथून वाहनं जातात का?" साहेबानं इचारलं.

"नाई साहेब. आमची बंडी तेवढी," जगदेव बोलला. दोर अजून खुंटाले लोंबत होता. लोकं फिदीफिदी हासले.

गोपीचंद म्हने, "साहेब, पंचफुलाकाकूले इचारा. त्याईनं आमाले रोज शिव्या देल्ल्या, थ्या काय हवेले देल्ल्या?" त्यानं वाकून धुऱ्याचं एक ढेकूळ उचललं अन् माह्या हातात ठेवलं.

आमच्याकडं धुऱ्याची माती हातात घेऊन कोनी खोटं बोलत नाई. कोर्टात बोलतीन, सासऱ्यासमोर बोलतीन, मातीवर नाई. जगदेवनं डोये मोठे केले. म्या त्याच्याकडं पाह्यलंच नाई.

"जातेत," म्या म्हनलं. "रोज जातेत. माह्या सांबाराचा भुगा करून जातेत."

गोपीचंद खूश झाला. पन माहं बोलनं सरलं नोतं.

"पन साहेब, ही पांदण नोय. पांदण नाल्याच्या काठानं होती. माही वरात बंडीत बसून त्याच वाटेनं आली."

साहेबानं इकडं तिकडं पाह्यलं. "मग आता कुठे आहे ती?"

हे आमच्या गावात बोलत नाई कोनी. साऱ्याईले मालूम हाये, पन बोलायचं नाई असं ठरल्यावानी हाये. दरसाली वखरनी करताना धुरा कोरायचा, पांदणीकडं एक तास, वखराच्या एका ओळीएवढा, सरकायचा. यानं कोरला म्हनून त्यानं कोरायचा. असं करता करता दोन बंड्याची वाट बकरी जाईन एवढी राह्यली, अन् मंग तेवढीबी नाई.

"पोटात हाये आमच्या," म्या म्हनलं. "साऱ्याईनं खाल्ली. या अंगानं आमी कोरली. त्या अंगानं..." रंगू आता माह्याकडंच पाहून राह्यली होती. पन हातात माती होती. "त्या अंगानं रंगूबाईनं."

साहेबानं मोबाईलवर नकाशा काढला, बोटानं मोठा केला. पांदण तठीच होती, नाल्याच्या काठानं, चांगली रुंद. "मग प्रश्नच मिटला. मोजणी लावतो. दोन्ही बाजूंचं अतिक्रमण काढू आणि हीच खुली करू."

पांदणीवर आता रंगूची हळद उभी होती. आमची तूर होती. पुढं कोनाचा गोठा, कोनाचं बोर. ज्याईचे अंगठे होते, त्याईचीच वावरं होती नाल्याले लागून.

पयला गोपीचंदच बोलला. "साहेब, एवढी काई घाई नाई."

मंग दुसरा. मंग सारेच. "राहू द्या साहेब. नाका परवडला."

साहेब असा भडकला! आमचा दिवस घालवला म्हने. अर्ज मागं घेतल्याचं त्यानं तठीच लेहून घेतलं अन् जाताना दम देल्ला, का या वावरातून पुन्हा गाडी गेली असं कानावर आलं तं मोजणी लागलीच समजा. त्याच संध्याकाळी जगदेवनं खुंट उपटले अन् वाटेवर काटे टाकले.

वाफे वाचले. नवीन सांबार असा दाट आला का पाहून घ्या. पन न्यायचा कसा? गोपीचंद मले पाहून जीप थांबवे ना, उलटा दामटे. जगदेव घरात मुक्यावानी जेवे अन् उठे. अन् रंगू दुपारी भाकर घेऊन धुऱ्यावर येईनाशी झाली. पार वावराच्या त्या टोकाले, एकटी बसून खाये. खोटं कायले बोलू, एक दिवस ठेच्याकडं पाहून रडलीच मी. राग बी आला. तुह्याच पोरानं हातात माती देल्ली ना वं, मंग मी काय बोलायचं होतं?

मंग म्या पाटी डोक्यावर घेतली अन् पायी नाक्यावर जाऊन बसली. तठी मशीनले गाडीवरचं स्टिकर दिसत नाई तवर दांडा वर होत नाई. गाड्या रांगेत उभ्या राह्यतेत, लोकं कातावतेत, मी जुडी पुढं करते. बाजारापेक्षा बरी इक्री होते.

परवा भर उनात गोपीचंदची जीप अडकली. बरोबर माह्यापुढं. मशीन त्याचं स्टिकर घे म्हनलं तं घेईना. मांगून हार्न वाजून राह्यले. खिडकीपाशी रंगू होती. तिले ना मांगं सरकता येये ना पुढं, अन् मी हातभर अंतरावर. म्या जुडी उचलली नाई. थे समोर दांड्याकडं पाहून राह्यली होती, मी पाटीकडं.

दांडा वर झाला. जीपनं झटका खाल्ला.

"पंचफुले," थे मान न वळवताच बोलली, "उनात बसली हायेस तं डोक्यावर पदर घे."

जीप गेली. म्या पदर घेतला.